तेरा वर्षांचा दहावा माणूस

संपादक महोदय,

आम्ही बेने इस्राएल ज्यू, म्हणजे कोकणातले शनिवार तेली, घरात बोलणं सगळं मराठीच. पुढच्या महिन्यात मुलाला तेरावं पूर्ण होतंय, बार मिट्झवा आहे, म्हणजे धर्माच्या दृष्टीने तो मोठा झाल्याचा समारंभ. सध्या रोज संध्याकाळी हिब्रूचा पाठ चालतो, शब्द अडला की वहीत देवनागरीत लिहून ठेवतो, आणि डाव्या हातावर तेफिलीनचा (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीचा) पट्टा सात वेळा गुंडाळताना पाचव्यालाच सुटतो मग हसत बसतो.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, १९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले, त्यामुळे ठाण्यातसुद्धा कधीकधी फोन करून माणसं गोळा करावी लागतात. आता हाही त्या दहांत मोजला जाणार, याचा आनंद आहेच (आजी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणायची, ती असती तर मलिद्याचे, म्हणजे आमच्या गोड प्रसादाचे, पोहे तिनेच भिजवले असते).

पण शाळेची परीक्षा नेमकी शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी येते, आणि २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर झालेल्या अतिरेकी हल्ल्यानंतर सिनेगॉगच्या दारावर पोलीस असतात ते का, हेही त्याला सांगावं लागलं. परवा विचारतो, आई मी पण जाणार का इस्रायलला? मी म्हटलं आधी दहावी तर हो.

– एक आई, ठाणे