वापरलेल्या गाडीच्या जाहिरातीत साल नेमके कोणते छापावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकातील वापरलेल्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती मी अनेक वर्षे बारकाईने वाचत आलो आहे. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी सव्वीस वर्षे मुंबईत काम केले, त्यामुळे ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. या जाहिरातींत गाडीच्या नावापुढे एकच साल छापले जाते आणि ते साल नेमके कशाचे, हे कोठेही सांगितलेले नसते. रोजच्या वापराची छोटी गाडी घेणाऱ्याला याचा काही हजारांचा फटका बसत असेल. परंतु परदेशातून तयार होऊन आलेली दोन दारांची स्पोर्ट्स कूपे घेणाऱ्याचे यात लाखांचे नुकसान होऊ शकते. असे नुकसान माझ्या घरातच होता होता टळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने वापरलेली ऑडी टीटी ही अशीच एक कूपे घ्यायचे ठरवले. नोकरी लागल्यापासून त्याने या गाडीसाठी पैसे बाजूला ठेवले होते. “मामा, तुम्ही बरोबर असल्याशिवाय मी टोकन देणार नाही,” असे त्याने सांगितल्यामुळे मी त्याच्यासोबत गाड्या पाहत फिरलो. त्यातील दोन गाड्यांच्या जाहिरातींत ‘2016 मॉडेल’ असे एकच वर्णन होते आणि दोन्हींची किंमतही जवळजवळ सारखी होती. पहिली गाडी पश्चिम उपनगरातील एका डीलरकडे होती. तिचे आरसी पाहिले तेव्हा नोंदणी जानेवारी 2016 मधील, तर उत्पादनाचा महिना मार्च 2015 असल्याचे दिसले. दुसरी गाडी थेट मालकाकडून मिळत होती. तिचे उत्पादन सप्टेंबर 2016 मधील होते आणि नोंदणी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील. म्हणजे एकाच सालाच्या नावाखाली विकायला ठेवलेल्या या दोन गाड्यांच्या वयात तब्बल दीड वर्षाचे अंतर होते.

खरे अंतर तर याहूनही मोठे निघाले. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात 17 अक्षरांचा चासी नंबर असतो. टीटीच्या या नंबरातील पहिली तीन अक्षरे ‘टीआरयू’ म्हणजे हंगेरीतील ग्यॉरचा कारखाना. सातव्या व आठव्या जागी ‘8जे’ असेल तर गाडी दुसऱ्या पिढीची आणि ‘एफव्ही’ असेल तर तिसऱ्या पिढीची. आणि दहाव्या जागेवरचे अक्षर म्हणजे मॉडेल वर्ष. ‘एफ’ म्हणजे 2015, ‘जी’ म्हणजे 2016, ‘एच’ म्हणजे 2017. पुढचे ‘आय’ हे अक्षर वापरत नाहीत, म्हणून 2018 साठी ‘जे’ येते. शिवाय या कंपनीचे मॉडेल वर्ष जानेवारीत बदलत नाही. ते आदल्या वर्षीच्या युरोपातील उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जूनच्या सुमारासच सुरू होते. पहिल्या गाडीवर दहाव्या जागी ‘एफ’ होता आणि दुसरीवर ‘एच’. जाहिरातीत दोन्ही ‘2016’. प्रत्यक्षात एक 2015 ची, एक 2017 ची आणि 2016 ची एकही नाही. हे मी डीलरला दाखवले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “काका, पासिंग 2016 चे म्हणजे मॉडेल 2016 चेच धरतात.” बाजारात खरोखरच तसे धरतात, आणि माझी तक्रार नेमकी त्या पद्धतीबद्दल आहे.

मॉडेल वर्षाला एवढे महत्त्व का द्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. या गाडीच्या बाबतीत त्याचे उत्तर तिच्या इतिहासातच आहे. 1998 मध्ये आलेल्या पहिल्या टीटीच्या सुरुवातीच्या गाड्या अतिवेगात अस्थिर होऊन गंभीर अपघात झाले, तेव्हा कंपनीला गाड्या परत बोलावून मागच्या डिकीवर स्पॉयलर (वेगात गाडी रस्त्याला दाबून धरणारी पट्टी) आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा बसवावी लागली होती. 2006 पासूनच्या दुसऱ्या पिढीत 2 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मध्येच बदलले गेले. आधीच्या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा टायमिंग बेल्ट होता आणि इंधनाच्या हाय प्रेशर पंपाला कॅमशाफ्टवरून चालवणारा एक छोटासा भाग झिजत असे. नंतरच्या इंजिनात बेल्टच्या जागी चेन आली, ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे दुखणे सुरू झाले आणि त्या इंजिनांच्या ऑइल पिण्याविषयीच्या तक्रारीही जगभर झाल्या. सुधारित टेन्शनर साधारण 2012 च्या सुमारास आला. टेन्शनरने दगा दिला तर चेन सुटून व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून चेनच्या इंजिनाची दुसऱ्या पिढीतील टीटी घेणाऱ्याने टेन्शनर बदलल्याचे बिल हाती घेतल्याशिवाय पुढे बोलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. “बदललाय, साहेब” हे तोंडी उत्तर मी तरी कधीच मानले नाही.

भारतात 2015 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीचे इंजिन 230 अश्वशक्तीचे असून माझ्या अनुभवाप्रमाणे ते पुष्कळ निर्धास्त आहे. त्यात पाण्याच्या पंपाचे आणि थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे आवरण गळते, ही माहीत असलेली खोड आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी आणि इंजिनखाली वाळलेल्या कूलंटचे डाग पाहिले की ते समजते. सहा गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे ऑइल दर 60,000 किलोमीटरला बदलायचे असते. 58,000 चालल्याचे सांगणारी गाडी स्वस्त मिळत असेल, तर हा पुढचा खर्च किमतीत धरला आहे का, हे विचारावे. माझ्या भाच्यासमोर 2012 ची एक दुसऱ्या पिढीची गाडीही होती आणि तिची किंमत मोहात पाडणारी होती. तरीही मी त्याला 2016 मध्ये किंवा त्यापुढे तयार झालेली तिसऱ्या पिढीचीच गाडी घ्यायला सांगितले. मात्र कागदपत्रे नसलेली 2017 ची आणि सर्व बिले असलेली 2012 ची अशी निवड करायची वेळ आली असती, तर मी 2012 चीच सुचवली असती.

मुंबईत सालाला आणखी एक अर्थ आहे आणि तो येथील पावसाने दिला आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी चिखलाने भरलेल्या गाड्यांचे पंचनामे करण्यात घालवले. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेली कितीतरी इंजिने तेव्हा पाहिली. 29 ऑगस्ट 2017 आणि 2 जुलै 2019 हे दिवसही मुंबईकर विसरलेले नाहीत. 2015 पासून 2017 च्या मध्यापर्यंत नोंदलेली प्रत्येक कूपे या दोन्ही दिवशी कोठेतरी उभी होती. ती हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांच्या आसपास, अथवा एखाद्या इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये होती का, हे विचारलेच पाहिजे, कारण इतक्या खाली बसणाऱ्या गाडीत गुडघाभर पाणीही सीटपर्यंत चढते. पहिल्या गाडीचा सीट बेल्ट मी संपूर्ण बाहेर ओढला. रोज हाताळला जाणारा भाग स्वच्छ होता; परंतु अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ उमटलेली होती आणि सीटखालच्या रुळांच्या बोल्टांवर गंज धरला होता. गाडीचे पॉलिश आरशासारखे होते. आम्ही तेथून निघालो.

नोंदणीचे साल निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. खासगी गाडीच्या नोंदणीची 15 वर्षे त्या तारखेपासून मोजली जातात आणि त्यानंतर नूतनीकरणासाठी आयात केलेल्या चारचाकीला केंद्रीय नियमांनुसार 40,000 रुपये शुल्क आहे. त्यावर हरित कर वेगळा. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही नोंदणीच्या तारखेवरूनच तपासायचे असते. पण ही आरटीओची गणिते आहेत. लोखंड आणि रबर यांचे वय उत्पादनाच्या दिवसापासून वाढते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 2020 सालचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची नोंदणी बंद होणार होती, त्यामुळे आधीच्या महिन्यांत जुना साठा घाईने नोंदवला गेला. त्या काळात नोंदलेल्या फोर्ड मस्टँगची ‘2020 मॉडेल’ म्हणून जाहिरात वाचली की सोबत लिहिलेले 10 गिअर आणि 460 अश्वशक्ती हे आकडे मी मुद्दाम तपासतो. अमेरिकेत 2018 च्या मॉडेलपासून पुढची काही वर्षे ते खरे होते. भारतात 2016 मध्ये आलेली मस्टँग मात्र 6 गिअरची आणि सुमारे 400 अश्वशक्तीची आहे, आणि मी पाहिलेल्या मुंबई पासिंगच्या सर्व मस्टँग तशाच होत्या. एकाच घडणीच्या गाडीसाठी पासिंगच्या सालाचे जास्तीचे पैसे मोजण्यात काहीही अर्थ नाही.

म्हणून आपल्या जाहिरात विभागाला माझी विनंती आहे की वापरलेल्या गाडीची जाहिरात स्वीकारताना उत्पादनाचा महिना व वर्ष आणि नोंदणीची तारीख या दोन्ही गोष्टी वेगळ्या छापणे बंधनकारक करावे, आणि आयात केलेल्या गाडीच्या बाबतीत चासी नंबरातील दहावे अक्षरही मागून घ्यावे. पहिल्या दोन्ही गोष्टी आरसीवर छापलेल्याच असतात, त्यामुळे जाहिरातदाराला कोणतीही जादा धावपळ करावी लागणार नाही. जागेचा प्रश्न असेल तर ‘उ. 9/16, नों. 12/16’ एवढे पुरेसे आहे. ज्याला हे छापायचे नसेल, त्याची जाहिरात आपण नाकारावी. आपल्या जाहिरातींवर विश्वास ठेवूनच माणसे टोकनची रक्कम खिशात घालून घराबाहेर पडतात.

भाच्याने दुसरी, ‘एच’ अक्षराची गाडी घेतली. तिच्या मालकाने गिअरबॉक्स ऑइलच्या बिलासह सर्व कागद एका फायलीत लावून ठेवले होते, आणि आपली गाडी 2017 चे मॉडेल आहे हे त्यांना स्वतःलाही आमच्याकडूनच कळले.

आपला,
एक निवृत्त मोटार सर्व्हेअर
माहीम, मुंबई