गंगा कोठीची भोके हे झरोके नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्हाळ्यावरच्या जुन्या वास्तूंना ‘नवा वापर’ सुचवणारा कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकांना गडाची आस्था आहे हे ओळीओळीतून जाणवते, त्याबद्दल त्यांचे आभार. पण अंबरखान्याच्या, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठाराच्या, छतातील भोकांना ‘उजेडासाठी ठेवलेले झरोके’ म्हणून त्यांवर काच बसवावी, ही सूचना वाचल्यावर गप्प बसवेना.

ते झरोके नव्हेत. अंबरखान्यातली गंगा कोठी सोळा खणांची आहे. प्रत्येक खणावर एक चपटा घुमट आणि प्रत्येक घुमटाला एक भोक. दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी धान्य छतावर चढवायचे आणि त्या भोकांतून आत सोडायचे. कोठीचे क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, उंची साधारण ३५ फूट. तिची क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. २० मणांची एक खंडी, म्हणजे पाच लाख मण. भात, नाचणी, वरी असा शिधा इथे साठायचा. एवढा माल दारातून आत नेऊन रचायचा म्हटले तर माणसाच्या हाताच्या उंचीवर काम अडते आणि वरची जागा रिकामी राहते. वरून सोडलेल्या धान्याची रास मात्र चढत चढत घुमटाच्या पोटाला लागते. धान्य भिंतीला बाहेर रेटते, घुमटही रेटतो. म्हणून भिंती इतक्या जाड आहेत. ऊब आणि ओल हे धान्याचे दोन वैरी, म्हणून आत अंधार आणि गारवा. हा अंधार म्हणजे बांधकामातली उणीव नाही, तो मुद्दाम राखलेला आहे.

आता काच बसवली तर काय होईल ते पाहू. पन्हाळा जांभ्याचा गड, पावसाळाभर धुक्यात असतो. कोंडलेल्या दमट हवेला रात्री गार काच भेटली की पाणी सुटणार आणि थेंब थेंब भोकाच्या कडेवर पडत राहणार. तिथला चुना भुसभुशीत झाला की पहिले शेवाळ तिथेच धरते. याहून गंभीर गोष्ट चौकटीची. भोकाभोवतीचे दगडांचे कडे हे त्या घुमटाचे कुलूप आहे. वरचा सगळा दाब तिथे एकमेकांत अडकून तोलला जातो. नेमक्या त्या कड्यात ड्रिल मारून लोखंडी चौकट बसवायची, म्हणजे घुमटाच्या सगळ्यात नाजूक जागी हात घालायचा. लोखंड गंजले की फुगते आणि फुगले की दगड तडकवते. पाऊस अडवायचाच असेल तर भोकापासून वीतभर उंच, सुट्या पायांवर उभी राहणारी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची छत्री करा. पाय कोब्यावर, म्हणजे छतावरच्या ठोकून बसवलेल्या चुन्याच्या थरावर, नुसते टेकवायचे, ठोकायचे नाहीत. बाजूने वारा खेळता राहील, वटवाघळांसाठी जाळी लावता येईल आणि उद्या काढायची झाली तर मागे खूणही उरणार नाही.

वापर बदलू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. या वास्तूंचा वापर सतत बदलत आला आहे. विजापुरात गोलघुमटापुढच्या नगारखान्यात आज संग्रहालय आहे आणि ते तिथे शोभते. उलट त्याच शहरात इंग्रजांनी एका मशिदीत डाकबंगला आणि दुसरीत टपाल कचेरी थाटली होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी ती बिऱ्हाडे हलवायला लावली, आणि प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा १९०४ साली त्यांच्याच कारकिर्दीत आला. आपल्या पन्हाळ्याने तर १८४४ मध्ये ‘चार दरवाजा’ हे आपले प्रवेशद्वार गमावले. जे उरले ते उरले, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. तेव्हा कोठीत काय भरवायचे याच्या आधी कोठीला काय सोसते ते विचारायला हवे.

लेखात ‘भिंतींना स्वच्छ प्लास्टर करून घ्यावे’ असे एक वाक्य सहज येऊन जाते. खरी भीती याच वाक्याची आहे. सिमेंटने बुजवलेली जुनी कमान पाहायला कोल्हापुरातून लांब जावे लागत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा, ढबढब असा पोकळ आवाज येतो. पापुद्रा निघतो तेव्हा त्याच्या पाठीला जुन्या चुन्याची आणि दगडाची साल चिकटून येते. चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडते, सिमेंट ती वाट बंद करते. मग ओल आतल्या आत वर चढते, सोबत क्षार नेते, आणि प्लास्टर संपते तिथे हातभर वर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. लोक म्हणतात चुना कुजला. चुना कुजत नाही, त्याचा श्वास कोंडलेला असतो.

करायचे तर चुन्यातच करा. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) हौदात काळवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. मग चुना, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) आणि धुतलेली वाळू समभाग घेऊन घाण्यात दळा. हिरडा आणि गूळ आधीपासून भिजवून ठेवलेले पाणी त्यात घाला. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि पहिला आवळल्याशिवाय दुसरा चढवू नका. ओले गोणपाट किमान पंधरा दिवस. घाई केली की केसासारख्या चिरा पडतात आणि दोष चुन्यावर येतो. छताचा कोबाही असाच. थाप्यांनी ठोकत राहायचे, थापी मारल्यावर वळ उठेनासा झाला की थांबायचे. वरून डांबरी पत्रा चिकटवणे म्हणजे ओल आत कोंडून घेणे. आणि पूर्वेच्या दारावरच्या सज्जात जी विजापुरी धाटणीची गिलाव्याची कलाकुसर आहे, तिला ब्रश, रंग, पाण्याचा फवारा यांपैकी काहीच लागू नये.

कार्यक्रमांसाठी सभागृह करण्याच्या सूचनेबद्दलही थोडे. सोळा घुमटांखाली माइक लावला तर आवाज घुमून शब्द शब्दात मिसळतो, तिसऱ्या रांगेत भाषण कळत नाही. मग आवाज शोषणारे फलक येतात, फलकांना खिळे लागतात, दिव्यांच्या वायरींसाठी भिंतीत झिरी मारल्या जातात. त्याऐवजी जमिनीवर स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या चौकटी, त्यांतूनच वायर, त्यांवरच दिवे आणि तक्ते असे करता येते. फरशी घालायची असेल तर भिंतीपासून वीतभर सोडून घाला आणि ती पट्टी खडीने भरा, नाहीतर जमिनीतली ओल भिंतीकडेच पळते. कोठीत धान्यसाठवणीचेच प्रदर्शन का नको? खंडी-मणाची मापे, वरून सोडलेल्या राशीची प्रतिकृती, आणि वर भोक, त्यातून पडणारा तेवढाच कवडसा. माणसे मान वर करून पाहतील, त्यांना काही सांगावे लागणार नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘सज्जाकोठी, मुघल शैली’ असे छापले आहे. ते छायाचित्र तीन दरवाजाचे आहे. तुळईवरचा गणपती त्यात स्पष्ट दिसतो. सज्जाकोठी गडाच्या पूर्व कड्यावर आहे, तीन दरवाजा पश्चिमेला. आणि दोन्ही कामे आदिलशाही आहेत, मुघल नव्हेत. घुमट दिसला की मुघल लिहून मोकळे होण्याची सवय आपल्या वृत्तपत्राने तरी सोडावी, कारण शाळेतली मुले तुमच्या ओळी वहीत उतरवून घेतात. उद्याच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर