न मोजता घासलेला रंग : एक तक्रार पत्र

दि. ११ ऑगस्ट २०२५
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : आपल्या कोल्हापूर शाखेत केलेल्या पेंट करेक्शन व सिरॅमिक कोटिंगमुळे गाडीच्या मूळ रंगाचं झालेलं नुकसान, रक्कम परत मिळण्याबाबत व भरपाईबाबत.

महोदय,

माझी काळी बीएमडब्ल्यू झेड४, २०१२ चं मॉडेल, मी १२ जूनला सकाळी आपल्या कोल्हापूर शाखेत दिली आणि १४ जूनला संध्याकाळी परत घेतली. कामाचे ४२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे एकूण ४९,५६० रुपये मी त्याच दिवशी भरले. बिलावर 'थ्री स्टेज पेंट करेक्शन आणि ९एच सिरॅमिक कोटिंग' असं लिहिलेलं आहे, म्हणजे तीन टप्प्यांत मशीननं घासून रंगावरचे ओरखडे काढायचे आणि वर संरक्षक थर चढवायचा. गेले दीड महिना मी शाखेत फोन करतोय, चकरा मारतोय. तिथं दाद लागत नाही म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी हे कशाच्या आधारावर म्हणतोय ते कळेल. उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फौंड्र्यांमधून येणारं कास्टिंग आम्ही मशीनिंग करून देतो. मायक्रोमीटर दिवसभर हातात असतो. ड्रॉइंगवरच्या मापापेक्षा वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त कापले गेले तर जॉब रिजेक्ट होतो, आणि कापलेलं परत चिकटवता येत नाही. माझे वडील, आबा, याच गल्लीत चाळीस वर्षं स्प्रे पेंटर होते. ट्रकच्या केबिनपासून डॉक्टरांच्या फियाटपर्यंत सगळं त्यांनी हातानं वॉटर पेपर मारून रंगवलं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा लोक सोन्याकडे आणि मिरवणुकीकडे बघतात. आबा आजही गाडीच्या पत्र्यावर पडलेलं प्रतिबिंब बघतात. चार वर्षांपूर्वी ही गाडी मी सेकंडहँड घेतली ती त्यांनी रंग पास केल्यावरच. त्या दिवशी आम्ही ओळखीच्या पेंट शॉपमधून जाडी मोजायचं गेज आणून प्रत्येक पॅनेलचं रीडिंग वहीत लिहून ठेवलं होतं. संपूर्ण गाडीवर कंपनीचाच मूळ रंग होता, कुठंही री-पेंट नव्हता. तेरा वर्षांच्या गाडीला ही गोष्ट किती दुर्मिळ असते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

रंगावर स्वर्ल मार्क, म्हणजे बारीक गोलाकार ओरखडे होते, हे मी नाकारत नाही. आधीच्या मालकाकडे गाडी कुठल्याही फडक्यानं पुसली जायची. उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसायचं. ते काढून घ्यावं, आणि पावसाळ्याआधी वर कोटिंग चढवावं, एवढीच माझी अपेक्षा होती. गाडी देताना मी तीन गोष्टी शाखेतल्या व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितल्या होत्या : आधी गेज लावून जाडी बघा, कडांना टेप मारा, आणि एखादा खोल ओरखडा निघत नसेल तर तो तसाच राहू द्या. "सर, काळजीच करू नका, आमची मुलं ट्रेन्ड आहेत," असं उत्तर मिळालं. वहीतल्या रीडिंगची झेरॉक्स मी त्यांना दिली होती. गाडी परत घेतली तेव्हा ती झेरॉक्स पुढच्या सीटवर जशीच्या तशी, घडीसुद्धा न मोडता पडलेली होती.

डिलिव्हरीच्या वेळी शाखेत नुसत्या ट्यूबलाइट होत्या, बाहेर पावसाचं आभाळ होतं आणि गाडी अक्षरशः आरशासारखी दिसत होती. मी खूश झालो. आपल्या मुलांना चहापाण्याला पैसेही दिले. घरी येताना ताराराणी चौकात जोराचा पाऊस गाठला. नुकतंच चढवलेलं कोटिंग पहिले चोवीस तास तरी कोरडं ठेवायचं असतं आणि आठवडाभर धुवायचं नसतं, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी पावसात गाडी ताब्यात देताना आपल्याकडच्या एकाही माणसानं ते सांगितलं नाही.

जूनच्या शेवटी दोन दिवस उघडीप मिळाली. तावडे हॉटेलजवळच्या पंपावर डिझेलच्या रांगेतल्या ट्रकमागून गाडी बाहेर काढली आणि पहिल्यांदा तिच्यावर थेट ऊन पडलं. डाव्या फेंडरपासून दारापर्यंत, रुंद कमानीसारखे, धुरकट पट्टे. मी हललो की तेही माझ्याबरोबर हलत होते, एका बाजूनं चांदीसारखे चमकायचे, दुसऱ्या बाजूनं गायब व्हायचे. रोटरी मशीनला लोकरी पॅड लावून कंपाउंड (रंग घासायची खरखरीत पेस्ट) मारलं आणि त्यानंतर फोम पॅडनं बारीक पॉलिशचा हात फिरवलाच नाही, की मागं हेच होलोग्राम राहतात. थ्री स्टेज म्हणजे कंपाउंड, पॉलिश आणि फिनिशिंग. बिलात तिन्ही आहेत, गाडीवर मात्र पहिलंच आहे.

मग जुने स्वर्ल मार्क त्या दिवशी गेले कुठं होते? ते गेलेच नव्हते. तीन वेळा गाडी धुतल्यावर तेही हळूहळू वर आले. याचा अर्थ ओरखड्यांमध्ये तेलकट ग्लेज भरून ते झाकले होते. कोटिंग चढवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पॅनेल पुसून घेतात ते याचसाठी, की तेल निघून जावं आणि खाली खरं काय आहे ते दिसावं. ते केलं असतं तर काम अपुरं आहे हे तिथंच उघडं पडलं असतं. आता ग्लेजवर चढलेलं कोटिंग रंगाला धरणार कसं? जुलैच्या मध्यापर्यंत बॉनेटवर पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले, पाणी साध्या पत्र्यासारखं पसरायला लागलं. कोटिंग विकताना आपल्या माणसानं मला सांगितलं होतं की नऊ एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कडक. हे खोटं आहे. नऊ एच हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. हिऱ्याचा दहा हा खनिजांचा कडकपणा मोजायच्या मोहस् मोजपट्टीवरचा. दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला भुलवणं बंद व्हायला हवं.

इथपर्यंतचं सगळं एक वेळ पैशात भरून निघेल. खरं दुखणं पुढं आहे.

होलोग्राम दिसले त्या संध्याकाळी आबा गाडीजवळ आले. आता त्यांना कमी दिसतं, म्हणून ते रंग बोटांनी बघतात. बॉनेटवर ज्या दोन उभ्या कडा पुढं धावत जातात, त्यातल्या डाव्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि थांबले. खिशातला पांढरा रुमाल काढला, त्यावर बोटभर पॉलिश घेतलं आणि त्या कडेवर हलकेच चार वेळा फिरवलं. रुमाल माझ्यासमोर धरला. त्यावर करंगळीएवढा काळा डाग होता. "कड जाळलीय बघ," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, शाबूत असेल तर फडक्यावर रंग येत नाही. रंग आला, म्हणजे वरचा थर संपूर्ण गेला आणि खालचा काळा रंग उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी तेच गेज परत आणलं. बॉनेटच्या मधोमध चार वर्षांपूर्वी ११८ मायक्रॉन होते, आता ९९ आहेत. डाव्या फेंडरवर १०४ चे ८८ झाले. आणि त्या कडेवर ९६ होते तिथं ५८ राहिलेत. गाड्यांवर क्लिअर कोट असतो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीचं उन्हापासून रक्षण तोच करतो. नीट केलेल्या करेक्शनमध्ये त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात. त्यापुढं जायची वेळ आली तर जाणकार माणूस हात आवरतो आणि ओरखडा राहू देतो. इथं सपाट जागी सोळा ते एकोणीस मायक्रॉन गेलेत. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, मशीनचा दाब आणि उष्णता तिथंच एकवटते, म्हणूनच कडांना टेप मारतात. टेप मारली नव्हती हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मागच्या अक्षरांच्या खाचांत, खिडकीच्या रबरात आणि दाराच्या फटीत पांढरं कंपाउंड वाळून बसलंय. दात घासायच्या ब्रशनं मी दोन रविवार ते काढतोय.

आणखी एक गोष्ट कोल्हापुरातल्या शाखेला तरी ठाऊक असायला हवी होती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे इथल्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण बसतात आणि रंगात रुततात. गळितात वर उसाच्या चिपाडाची काजळी येते. शॅम्पूनं ते निघत नाही. आयर्न रिमूव्हर मारून, ते जांभळं होऊन वाहून गेल्यावर क्ले (रुतलेले कण ओढून घेणारा मऊ गोळा) फिरवायचा, आणि मगच मशीन लावायचं. माझ्या गाडीवर यातलं काही झालेलं नाही. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून छतावरून हात फिरवा, आजही वाळूच्या कागदासारखं खरखरतं. असे कण पॅडखाली सापडले की ते रंगावर करवतीसारखे फिरतात. उजव्या दारावर नव्यानं आलेले चार खोल ओरखडे त्यातूनच आलेत, अशी माझी खात्री आहे.

शाखेकडून मला आतापर्यंत तीन उत्तरं मिळाली. पहिलं : "काळ्या गाडीला असं दिसतंच, सर." काळ्यावर दिसतं हे खरं आहे, आणि म्हणूनच काळ्यावर काम करणाऱ्यानं जास्त जपायचं असतं. दुसरं : तुम्हीच चुकीच्या पद्धतीनं धुतली असेल. मी दोन बादल्या आणि मायक्रोफायबरनं स्वतः धुतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शिवाय धुण्यानं बारीक जाळं पडतं. मशीनच्या फिरण्याच्या मापाच्या कमानी धुण्यानं पडत नाहीत, आणि अडतीस मायक्रॉन तर मुळीच जात नाहीत.

तिसऱ्या उत्तरानं मात्र मी खरोखर अस्वस्थ झालो. "गाडी घेऊन या, फुकट परत पॉलिश मारून देतो." महोदय, ज्या गाडीवर आधीच थर उरलेला नाही, तिच्यावर परत तेच मशीन, न मोजता? हे ज्यांना भरपाई वाटतं त्यांच्या हातात आणखी किती जणांच्या गाड्या जात असतील, या विचारानं मी हे पत्र एवढं सविस्तर लिहितो आहे.

ज्या मुलांनी काम केलं त्यांच्यावर ठपका ठेवून त्यांचा पगार कापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यातल्या एकाशी मी बोललो. दिवसाला दोन गाड्या संपवायच्या असं त्यांना सांगितलेलं असतं, शाखेत ड्युअल अॅक्शन मशीन (रोटरीपेक्षा रंग जाळायचा धोका कमी असलेलं) एकच आहे आणि जाडी मोजायचं गेज त्यानं कधी पाहिलेलंच नाही. पोरगं हुशार आहे, त्याला शिकायचं आहे. शिकवायची जबाबदारी आपली होती.

माझी मागणी अशी. ४९,५६० रुपये पूर्ण परत मिळावेत. बॉनेट आणि डाव्या फेंडरचा रंग, मी निवडलेल्या पेंट शॉपमध्ये, आपल्या खर्चानं व्हावा. काळ्यात जोडकाम लपवणं अवघड असतं, त्यामुळे शेजारच्या दारावर करावं लागणारं ब्लेंडिंगही त्यात धरावं. मूळ रंग गेल्यामुळे गाडीची किंमत उतरली आहे, त्याचा विचार आपण न्यायानं करावा. आणि माझ्या गाडीवर कोणतं कंपाउंड, कोणतं पॅड, कोणतं कोटिंग वापरलं, ते लेखी द्यावं, कारण पुढच्या कारागिराला ते माहीत असणं गरजेचं आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करण्याची मुभा हा कायदा देतो. मला तिथपर्यंत जायची हौस नाही. शॉप बंद ठेवून तारखांना जाणं मला परवडत नाही.

बिल, जूनमधले आणि आताचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचा संवाद आणि दोन्ही वेळच्या रीडिंगच्या वहीच्या पानांची प्रत सोबत जोडली आहे. गाडी माझ्या शॉपमागच्या शेडमध्ये सुती कव्हरखाली उभी आहे, ३० जूनपासून धुण्याखेरीज मी ती बाहेर काढलेली नाही. आपला माणूस कोणत्याही दिवशी सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान पाठवा. त्या वेळी शेडच्या तोंडाशी ऊन येतं. येताना त्यानं स्वतःचं गेज आणावं. प्रत्येक पॅनेल माझ्या आणि आबांच्या समोर मोजावा आणि आकड्यांखाली सही करावी.

आपला,
(सही)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर