कापलेल्या गाडीला 'पुनर्जन्म' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, जुन्या येझदी मोटारसायकलींना नवं रूप देण्यावरचा लेख काल सकाळी वाचला, दुपारी पुन्हा वाचला आणि रात्री झोप लागेना म्हणून आज हे पत्र लिहायला बसले आहे. छायाचित्रं देखणी आहेत. लिहिणाऱ्याला गाड्यांची मनापासून आवड आहे हेही ओळीओळीतून कळतं. पण मथळ्यात 'पुनर्जन्म' हा शब्द कुणी घातला? ज्या येझदी रोडकिंगचा मागचा भाग शॉकॲब्सॉर्बरच्या पुढे सरळ कापून टाकला, मडगार्ड काढलं, टाकी बदलली, दोनातला एक सायलेन्सर उतरवला, तिचा पुनर्जन्म झाला असं तुम्ही लाखो वाचकांना सांगता? आणि लेखात 'रिस्टोरेशन' हा शब्द मी मोजला, सहा वेळा आला आहे.

मी आयटीआयमध्ये 31 वर्षं ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग काढण्याचा ट्रेड शिकवला. रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी करणं. झिजलेला भाग तसाच घडवून बसवणं, रंग मूळ छटेचा देणं, क्रोमच्या जागी क्रोमच करणं. कस्टम म्हणजे आपल्या मर्जीची नवी गाडी बांधणं. दोन्ही कामं कष्टाची आहेत, दोन्हींना कौशल्य लागतं, पण ती एक नाहीत. एकाच्या नावाखाली दुसरं केलं की काय होतं ते आमच्या घरी घडलं आहे, म्हणून एवढं तळमळून लिहिते आहे.

माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. 1970 साली त्यांनी जावा 250 घेतली. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, गुडघे टेकायला रबराची पॅडं, सोनेरी रेघा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, जिथे पुढे येझदीही बनली. 1973 मध्ये मागाच्या पिनियनमध्ये सापडून आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर सायकलचा डावा ब्रेकही त्यांना नीट धरता येईना. शेजारपाजारचे म्हणाले, गाडी विका आता. आप्पांनी विकली नाही, कारण जावाला डाव्या हाताची गरजच नव्हती.

हे तुमच्या लेखात कुठेच नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगते. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून मागे फिरवला की ती किक होते, इंजिन सुरू झालं की पुढे आणायचा, मग तोच गिअर. आणि हा दांडा पायानं दाबला की क्लच आतल्या आत आपोआप सुटतो. हँडलवरच्या क्लचला हात लावावा लागत नाही. उभ्या गाडीला पहिला गिअर टाकून दांडा तसाच दाबून धरायचा, ॲक्सिलरेटर देत पाय हळूहळू सोडायचा, गाडी अलगद उचलते. झेकोस्लोव्हाकियातल्या मूळ जावा कंपनीच्या ज्या अभियंत्यांनी 1954 च्या 353 मॉडेलमध्ये हे बसवलं, त्यांना इचलकरंजीतला एक जॉबर ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यांच्या त्या रचनेवर आप्पा पुढची वीस वर्षं माधवनगर, विटा, कोल्हापूर, जिथे माग बंद पडेल तिथे जात राहिले. आमचं घर त्यावर चाललं. माझं शिक्षण त्यावर झालं.

मला गाडी त्यांनीच शिकवली, 1981 मध्ये, घोरपडे नाट्यगृहाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, पहाटे. मी सारखी क्लच दाबायची. मागून आवाज यायचा, "हात सोड गं, पायाला कळतंय." आजही मी कुठलीही गाडी चालवताना ते वाक्य कानात असतं.

आप्पा 2016 मध्ये गेले. गाडी घरात होती, सुरू होत होती, पण क्रोम उडालं होतं आणि क्रँकचा आवाज वाढला होता. 2022 मध्ये माझा भाचा, पुण्यात नोकरी करतो, म्हणाला, "आत्या, आप्पांची गाडी नवीकोरी करून आणतो." मी कागदपत्रं, टूलकिट, सगळं त्याच्या हाती दिलं. पुण्यातल्या एका वर्कशॉपनं सात महिने गाडी ठेवली आणि एक लाख चाळीस हजार रुपये घेतले. टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा मी दारात औक्षणाचं तबक घेऊन उभी होते. मला गाडी ओळखू आली नाही.

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मागून कापलेली. खोल, गोल मडगार्ड गेलेलं. लांब सीटच्या जागी पाटीएवढी सीट, तीही एकट्यापुरती. हेडलाइटचा डोम, ज्यात स्पीडोमीटर आणि किल्लीची जागा असते, तो काढून बाजारातला गोल दिवा लावलेला. पाय ठेवायचे फूटरेस्ट मागे सरकवलेले, म्हणून दांड्याला जोडपट्टी वेल्ड केलेली, आणि त्यासाठी क्लच सोडवणारी ती आतली यंत्रणा काढून टाकलेली. मी फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, तिची सेटिंग बसत नाही, आणि आता ती कुणी वापरतही नाही." ज्या एका गोष्टीसाठी ती गाडी पन्नास वर्षं आमच्या घरात राहिली, ती भंगारात गेली. भाग परत मागितले. टाकी मिळाली. बाकीचे कुठे गेले ते आजपर्यंत कळलेलं नाही.

भाच्यावर माझा राग नाही. त्याला वर्कशॉपवाल्यांनी विचारलं होतं, कशी पाहिजे? त्यानं खिशातून एका वर्तमानपत्रातलं कात्रण काढून दाखवलं. मथळा असाच होता, जुन्या गाडीला नवं आयुष्य वगैरे. त्याला वाटलं, रिस्टोअर केलेली गाडी अशीच दिसते. म्हणून संपादक महोदय, तुम्ही छापता तो फोटो एखाद्या गॅरेजमध्ये कामाचा नकाशा म्हणून वापरला जातो हे लक्षात घ्या.

लेखातली एक चूक तर दुरुस्त करायलाच हवी. लिहिलं आहे की 'एका सिलिंडरला दोन सायलेन्सर हे केवळ शोभेसाठी होते'. हे खरं नाही. या इंजिनच्या सिलिंडरलाच एक्झॉस्टची दोन तोंडं आहेत आणि दोन्हींतून जळका वायू बाहेर पडतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. धूर बाहेर जाताना नळीत दाबाची जी लाट तयार होते, तिच्यावर ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये किती टिकतं ते ठरतं. नळीची लांबी, सायलेन्सरचा आकार, आतला बॅफल म्हणजे आवाज अडवणारा भाग, हे सगळं हिशेबानं केलेलं असतं. एक तोंड बंद करून दुसऱ्याला आखूड नळी लावली की आवाज मोठा होतो आणि ओढ कमी होते. आमची गाडी आता तिसऱ्या गिअरवर धापा टाकते. पूर्वी आप्पा दोन माणसं आणि मागाचं सामान घेऊन चौथ्यावर जात.

तसंच चेनचं. 'झाकलेल्या चेनमुळे गाडी जुनाट वाटते, उघडी चेन रुबाबदार' असं तुमच्या लेखकानं कौतुकानं म्हटलं आहे. जावाची चेन संपूर्ण बंद डब्यात होती. धूळ लागत नसे, ग्रीस टिकत असे, वर्षानुवर्षं चेन बदलावी लागत नसे. आणि माझी आई नऊवारी नेसून एका बाजूला पाय सोडून मागे बसायची, तिचा पदर कधी चेनमध्ये अडकला नाही. मी आयटीआयमध्ये मुलांना या गाडीचं साइड एलेव्हेशन, म्हणजे बाजूनं दिसणारं ड्रॉइंग, काढायला लावायची. इंजिनचं अंड्याच्या आकाराचं कव्हर, त्याच्या मागची पेटी, टाकी उतरत सीटला मिळते ती रेघ, सीट संपते तिथून मडगार्डचा खाली वळणारा बाक. एक रेघ पुसली की पुढची लोंबकळते. मुलं दोन-दोन दिवस घालवायची. त्यांना कळायचं की चित्र सुंदर येतंय, कारण प्रत्येक भागाला काम आहे.

मी कस्टम गाड्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करते. लेखात ज्या कॅफे रेसरचा एवढा गौरव आहे, ती लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेजवळ जमणाऱ्या कामगार पोरांनी 1950-60 च्या दशकांत घडवली. त्यांना ताशी शंभर मैल गाठायचे होते. म्हणून हँडल खाली, पाय मागे, अंग टाकीवर. नॉर्टनची फेदरबेड चासी उत्तम वळते आणि ट्रायम्फचं इंजिन उत्तम पळतं, म्हणून त्यांनी दोन्ही जुळवून ट्रायटन केली. त्या प्रत्येक बदलामागे धाव होती. ती पोरं गाडी अधिक चांगली करत होती. आमच्या जावाचं हँडल खाली नेऊन ती वेगानं पळणार नव्हती, आणि नवी सीट इतकी कठीण आहे की मी हातकणंगल्यापर्यंतही बसू शकत नाही. जावाचं नाव 2018 मध्ये पुन्हा बाजारात आलं तेव्हा पेराक नावाची बॉबर, म्हणजे आखूड मडगार्डांची, एका सीटची गाडी, त्यांनी कारखान्यातच आखली. कोऱ्या कागदावर काढलेली ती गाडी मला आवडते. तिच्यासाठी कुणाची जुनी गाडी मारली गेली नाही.

आता भरून न येणारं नुकसान सांगते. केंद्र सरकारनं 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. आमची गाडी 1970 ची. ती 2020 पासूनच वयानं पात्र होती. कापल्या दिवसापासून ती पात्रता गेली. शिवाय मूळ बनावटीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. तुमच्या दोन पानी लेखात यावर एक ओळ नाही. वाचून उद्या कुणी पोरगा आजोबांची गाडी ग्राइंडरखाली देईल आणि आरटीओत गेल्यावर त्याला कळेल.

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं थांबून राहतात. मी लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे. ती गाडीही राजघराण्यासाठी खास घडवलेली, म्हणजे कस्टमच. पण ज्यांनी घडवून घेतली त्यांनी आणि पुढच्या पिढ्यांनी ती आहे तशी सांभाळली. तिचं छत कापून कुणी 'नवा लूक' दिला असता तर आपण तिच्यासाठी उन्हात उभे राहिलो असतो का?

आणखी एक. लेखात म्हटलं आहे, 'प्रत्येक मुलाच्या मनात अशी एक गाडी असते', आणि अकरा छायाचित्रांत एकच बाई आहे, तीही मागच्या सीटवर हसत बसलेली. मी 1981 पासून चालवते आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तिथे मी स्वतःच्या गाडीवरून गेले आहे आणि पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण किती ठेवता हे मला विशीतल्या दोन मुलींनी येऊन विचारलं आहे. पुढच्या वेळी त्यांचाही फोटो छापा.

सायलेन्सरबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत यावी, आणि जिथे चासी कापली आहे तिथे 'रिस्टोरेशन' न म्हणता 'फेरफार' म्हणावं, एवढी विनंती. मी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींना धरून मागची चौकट पुन्हा बनवून घेते आहे. मापं माझ्या आयटीआयच्या ड्रॉइंगवरून घेतली, कारण ती मी आमच्याच गाडीवर पट्टी लावून काढली होती. क्लचची आतली यंत्रणा मात्र अजून कुठे मिळालेली नाही. कुणा वाचकाकडे 1970 च्या आसपासच्या जावाचं बंद पडलेलं इंजिन पडून असेल तर कृपया ते भंगारात घालू नये. तुमच्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी