चार वॅटला केवढा मीटर? काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ते आता चारचौघांत मानतेय, कारण सीबी सेट (सिटिझन्स बँड, म्हणजे 27 मेगाहर्ट्झवर आपापसांत बोलायचा रेडिओ) घेतला, गाडीवर अँटेना बसवला आणि आता 'पॉवर मीटर (सेटकडून अँटेनाकडे किती वॅट जातात नि किती परत येतात ते दाखवणारा) कोणता घ्यावा' यावर अडले, अशी माणसं मला सारखी भेटतात. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडू दे. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही हे ठाऊक आहे.

मी यादी काढून बसले होते. हजार वॅटपर्यंतचा मीटर, दोन काटे, आत दिवा, भली मोठी डायल. तुम्ही यादी वाचलीसुद्धा नाही. "अगं, तुझा सेट किती वॅटचा?" एएम या बोलण्याच्या पद्धतीत 4 वॅट कॅरियर, म्हणजे न बोलताही बाहेर पडणारा सिग्नल, मी म्हटलं. "मग हजार कशाला?" आणि हिशेब मांडलात. स्वस्तातल्या मीटरची चूक साधारण 10 टक्के धरून चालायचं, पण ते 10 टक्के काटा दाखवतो त्या आकड्याचे नाहीत, फुल स्केलचे, म्हणजे डायलवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याचे. म्हणजे 100 वॅटच्या स्केलवर 10 वॅट इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि आपले तर मुळात चारच. काट्याने 4 दाखवले काय नि 9 दाखवले काय, सारखंच. तेच 10 वॅटच्या स्केलवर चूक एका वॅटवर येते. शिवाय आतला डायोड, म्हणजे सिग्नल काट्याजोगा करणारा भाग, थोडा व्होल्टेज स्वतःच खातो, त्यामुळे डायलच्या डाव्या कोपऱ्यात काटा आळसावलेला असतो आणि तिथल्या रेघाही एकमेकींना चिकटलेल्या. दोन काट्यांच्या मीटरचं आकर्षण मला अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. पण 4 वॅटला ते दोन्ही काटे तळाशीच घुटमळतात हे तुमचं म्हणणं पटलं. मी 10 आणि 100 वॅट अशी दोन स्केल असलेला साधा, एका काट्याचा मीटर घेतला.

दुसरी गोष्ट तुम्ही बजावलीत ती फ्रीक्वेन्सीची. साध्या मीटरमध्ये मुख्य लाइनच्या शेजारून एक बारीक लाइन जाते आणि ती थोडा सिग्नल उचलते. फ्रीक्वेन्सी वाढली की ती जास्त उचलते. त्यामुळे पॉवरची स्केल ज्या बँडसाठी छापली असेल तिथेच खरी. म्हणून डब्यावर 27 मेगाहर्ट्झचा उल्लेख आहे का ते बघायचं. एसडब्ल्यूआरला, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळतो त्या आकड्याला (1 म्हणजे अगदी जुळला), मात्र याचा फारसा फरक पडत नाही, कारण तिथे आपण दर वेळी फॉरवर्डवर (जाणारी पॉवर) ठेवून कॅलचा (कॅलिब्रेशनचा) नॉब फिरवतो, काटा 'सेट'च्या खुणेवर आणतो आणि मगच रिफ्लेक्टेडकडे (परत येणारी) वळतो. दोन्हींचं गुणोत्तरच तर बघायचं असतं.

पॉवर बघताना तोंड बंद ठेव, हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालंय. एएमवर पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबून गप्प राहिलं की नुसता कॅरियर दिसतो. बोलायला लागलं की पूर्ण मॉड्युलेशनला (आवाज कॅरियरवर पुरता चढला की) शिखर कॅरियरच्या चौपट, म्हणजे 16 वॅटवर जातं, पण साधा मीटर सरासरी दाखवतो आणि काटा जेमतेम हलतो. एसएसबी या दुसऱ्या पद्धतीत कॅरियरच नसतो, तिथे तर गप्प राहिलं की काहीच नाही आणि बोललं की काटा नुसता उड्या मारतो. सेटवर 12 वॅट पीईपी (शिखराची पॉवर) लिहिलंय आणि मीटर चार-पाचच दाखवतोय म्हणून सेट उघडायला निघालेल्यांनी इथे थांबावं. खरा पीईपी मोजणाऱ्या सर्किटला बॅटरी किंवा बाहेरचा सप्लाय लागतो.

पण सगळ्यात जास्त उपकार केले ते तुम्ही पाकिटातून पाठवलेल्या दोन रेझिस्टरनी. शंभर-शंभर ओहम, 3 वॅटचे, वायरवाउंड नव्हेत. तारेचं वेटोळं असलं तर 27 मेगाहर्ट्झला ते रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त होतं, म्हणून. दोन्ही पॅरलल जोडून, पाय अगदी आखूड कापून, पीएल-259 कनेक्टरच्या पिनवर आणि बॉडीवर सोल्डर केले की झाले 50 ओहम. हा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा खोटा भार) मीटरच्या अँटेनाच्या बाजूला लावला तर एसडब्ल्यूआर 1 च्या जवळ यायला हवा. माझा 1.1 आला. मग एकाचा पाय सोडवला. राहिले 100 ओहम, 50 च्या दुप्पट, म्हणजे एसडब्ल्यूआर 2 दिसायला हवा. काटा 2 च्या रेघेच्या किंचित अलीकडे थांबला. तेवढ्यात रेझिस्टर बोटाला चटका देण्याइतका तापला होता, पीटीटी दोन-तीन सेकंदांच्या वर दाबायचा नाही असं तुम्ही का लिहिलं होतंत ते कळलं. शेवटी दोन्ही रेझिस्टर पुन्हा जोडून मीटर उलटा लावला, सेट अँटेनाच्या बाजूला नि लोड सेटच्या. फॉरवर्डचं वाचन रिफ्लेक्टेडवर गेलं, रिफ्लेक्टेडचं फॉरवर्डवर. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. एवढं झाल्यावर या मीटरवर किती भरवसा ठेवायचा ते मला कळलं, आणि त्यासाठी कुठलं महागडं यंत्र लागलं नाही.

अँटेनाचं काम त्यानंतर पटकन झालं. गाडी मोकळ्यावर, दारं बंद, मीटर आणि सेट यांच्यामध्ये 50 ओहमची छोटी केबल. चॅनल 1 वर आणि चॅनल 40 वर वाचन घेतलं. 40 वर जास्त होतं, म्हणजे दांडी लांब. कापण्याआधी ग्रब स्क्रू (दांडी पकडून ठेवणारा छोटा स्क्रू) सैल करून ती थोडी आत सरकवली आणि दोन्हीकडे दीडच्या खाली आलं. दीडला परत येते जेमतेम 4 टक्के पॉवर आणि दोनला 11. त्यापुढे एक-एक रेघ खाली आणायला रात्री जागवण्यात अर्थ नाही, हे तुमचं मत मी आता माझं म्हणून सांगते.

केबलबद्दल तुम्ही दिलेला इशाराही इथे लिहून ठेवते, कारण त्याकडे लक्ष जातच नाही. जुनी, पाणी शिरलेली केबल जाता-येता सिग्नल खाते. 3 डेसिबल, म्हणजे निम्मी पॉवर, खाणाऱ्या केबलच्या टोकाला अँटेना नसलाच तरी सेटकडच्या मीटरला एसडब्ल्यूआर 3 च्या आसपासच दिसतो. म्हणजे मीटरवर वाचन आहे त्यापेक्षा कितीतरी बरं आणि हवेत काहीच नाही. शंका आली तर मीटर उचलून अँटेनाच्या पायथ्याशी न्यायचा आणि तिथे किती वॅट पोचतात ते बघायचं. आणि छोटी केबल बदलल्यावर एसडब्ल्यूआर एकदम वेगळा दिसला तर केबलच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूने करंट वाहतोय असं समजून आधी माउंटचं ग्राउंड तपासायचं.

रेझिस्टर इतक्यात परत मिळतील अशी आशा ठेवू नका. ते सध्या एका मैत्रिणीकडे आहेत. तिचा मीटर 50 ओहमला बरोबर 1 दाखवतो, पण 100 ओहमला चक्क 3. उलटा लावूनही तेच. मला डायोडचा संशय आहे, तिला स्केलच्या छपाईचा. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, तोवर आम्ही तो उघडत नाही.

तुमची,
एक शिकाऊ सीबीवाली