सनद की निवाडा?

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. रागावू नकोस. एका स्पॅनिश घराण्याच्या कागदांत मानेपर्यंत बुडालोय. वंशज अमेरिकेत आहेत, त्यांना सगळं इंग्रजीत हवंय. पूर्वज ‘इदाल्गो’ (स्पॅनिशमध्ये ‘ह’ मुका), म्हणजे करमाफी असलेला खानदानी माणूस होता, एवढं त्यांना ठाऊक आहे आणि त्यावर ते भलतेच खूश आहेत.

मुख्य कागद म्हणजे ‘एखेकुतोरिआ’, वायादोलिदच्या चान्सियेरियाचा, म्हणजे राजाच्या वरिष्ठ न्यायालयाचा. आधीच्या कुणा अनुवादकाने त्याचं ‘लेटर्स पेटंट ऑफ नोबिलिटी’ करून ठेवलंय. झालं ना वाटोळं! पेटंट म्हणजे राजाने नव्याने दिलेला मान. हा तर खटल्याचा निकाल. गावाने या पूर्वजावर पट्टी, म्हणजे कर, बसवली, हा म्हणाला मी इदाल्गो, मला माफ. आणि भांडण कोर्टात गेलं. मराठीत मला क्षणभरही अडलं नसतं. सनद वेगळी, निवाडपत्र वेगळं. इंग्रजीत मात्र ‘जजमेंट’ लिहिलं की गिऱ्हाईक म्हणतं, यात खानदानीपणा कुठाय?

आणि साक्षी वाच तू! गावातले म्हातारे शपथेवर सांगतात: याच्या बापाला, आज्याला पट्टीच्या यादीत कधी पाहिलं नाही. पराक्रम नाही, गढी नाही. कर भरला नाही, हाच पुरावा. म्हणून समोरचा शब्द ‘पेचेरो’, म्हणजे ‘पेचो’ हा कर भरणारा, त्याला नुसतं ‘कॉमनर’ म्हटलं की खटल्याचा जीवच जातो. मी ‘टॅक्सपेइंग कॉमनर’ केलंय. बोजड आहे, पण राहू दे. इदाल्गो तसाच ठेवला. ‘नोबलमन’ म्हटलं की लोकांना राजवाडा दिसतो, आणि यातले कित्येक जण कफल्लक होते.

गंमत म्हणजे ‘इदाल्गो दे ब्रागेता’ असाही प्रकार होता: ओळीने सात औरस मुलगे झाले की बापाला करमाफी. ब्रागेता म्हणजे विजारीची पुढची फट! तुझ्या काकूसमोर हे पत्र वाचू नकोस.

‘लिंपिएसा दे सांग्रे’, रक्ताची शुद्धी, ही भानगड निराळी. १४४९ साली तोलेदोत ख्रिस्ती झालेल्या ज्यू वंशाच्या धर्मांतरितांना नगराच्या पदांवरून दूर ठेवणारा ठराव झाला, तिथून ती फोफावली. पट्टी भरणारा शेतकरीही ‘शुद्ध’ ठरायचा, आणि एखाद्या इदाल्गोची आजी धर्मांतरित निघायची. गिऱ्हाइकाला दोन्ही एकच वाटतं. त्यावर तळटीप लिहितोय, तीच पानभर झालीय.

तुझ्या आजोबांच्या पेटीत पाटीलकीच्या भांडणाचा निवाडा होता ना? त्याचा फोटो पाठव. साक्षीदार काय बोलतात ते बघायचंय.

तुझा,
अव्या