आठ कोअरचे पैसे, राबतो एकच

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: आठ कोअरच्या व्हर्च्युअल सर्व्हरला नेटवर्कची एकच रांग दिल्याबाबत

महोदय / महोदया,

गर्दीच्या वेळी साइट ताटकळते या तक्रारीच्या माझ्या तिकिटावर तिसऱ्यांदा तेच उत्तर आले: ‘सीपीयूचा सरासरी वापर २० टक्के, अडचण दिसत नाही.’ एक कोअर १०० टक्क्यांवर आणि उरलेले सात ९ टक्क्यांवर असले तरी सरासरी २०च्या आसपासच येते. माझ्याकडे नेमके तेच चालले आहे. गर्दीच्या वेळी ‘टॉप’ (सीपीयूचा वापर दाखवणारी आज्ञा) उघडून १ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. शून्य क्रमांकाचा कोअर सॉफ्ट इंटरप्टखाली, म्हणजे आलेली पॅकेट हाताळण्याच्या कामाखाली, पिचलेला असतो, बाकीचे माशा मारत बसलेले.

कारण शोधायलाही मलाच बसावे लागले. नेटवर्कचे सगळे इंटरप्ट (‘पॅकेट आले’ अशा कार्डाच्या हाका) एकाच कोअरच्या रकान्यात जमा होतात, आणि ‘ईथटूल’ हे कार्ड तपासायचे साधन सांगते की कार्डाला पॅकेटची जास्तीत जास्त रांग एकच. रांग एक, म्हणून हाकही एका वेळी एकाच कोअरला.

तुमच्या एका तंत्रज्ञाने ‘आयआरक्यूबॅलन्स’ (इंटरप्ट कोअरमध्ये वाटणारा प्रोग्रॅम) चालू करायला सांगितले. ते पहिल्या दिवसापासून चालू आहे. पण एका इंटरप्टचे ते तुकडे करू शकत नाही. फार तर ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर. दुसऱ्याने १६ कोअरची योजना सुचवली. रांग एकच राहणार असेल तर माशा मारणारे आणखी आठ जण विकत घेऊ का?

एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे आठ वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) मी एकेका कोअरला बांधले होते, ‘रीयूजपोर्ट’सह, म्हणजे प्रत्येक वर्कर स्वतंत्रपणे जोडण्या घेतो. त्यात कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नवी जोडणी हॅशवरून, म्हणजे पत्ते आणि पोर्टवरून काढलेल्या आकड्यावरून, वाटतो, कोण मोकळा आहे हे पाहत नाही. म्हणजे साधारण आठातली एक जोडणी शून्य कोअरवरच्या गुदमरलेल्या वर्करच्या वाट्याला. एकाला साइट झटकन उघडते, दुसरा ताटकळतो, आणि बोलणी मी खातो.

तूर्त शून्यावरचा वर्कर काढला आणि आरपीएस या कर्नलच्या सोयीचा मास्क ‘एफई’ (म्हणजे शून्य सोडून बाकीचे कोअर) ठेवून पॅकेटचे काम इतर सात कोअरवर वाटले. बरे चालते. तरी पॅकेट उचलण्याचे पहिले काम अजून त्याच कोअरच्या गळ्यात आहे.

व्हर्टआयओ या आभासी नेटवर्क कार्डाच्या अनेक रांगा होस्टच्या, म्हणजे तुमच्या मूळ यंत्राच्या, बाजूनेच चालू कराव्या लागतात, आतून माझा हात तिथे पोहोचत नाही. आठ कोअरला आठ रांगा सात दिवसांत द्याव्यात. जमणार नसेल तर तसे लेखी कळवून उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत. सरासरीचा आलेख मात्र पुन्हा पाठवू नये, तो माझ्याकडे तीनदा आला आहे.

आपला,
आठ कोअरच्या योजनेचा ग्राहक